ऊन आमचं, कोर्ट त्यांचं

आमच्या वणी-राजूरच्या पट्ट्यात सकाळी गाडीची सीट पुसली तर दुपारी तिच्यावर बोटानं नाव लिहिता येतं. कोळशाची धूळ कुठून येते ते दिसत नाही, पण बसलेली असते. आमच्या केसचे किस्सेही असेच बसतात. एक सांगून मोकळा झालो की दुसरा तयार! माझ्या पंक्चरच्या दुकानात पोरं बाकड्यावर बसून फर्माईश करतात, "तो पाणपोईवाला सांग ना बे." मी फारसा बोलणारा माणूस नाही. नववीत शाळा सोडली, तेव्हापासून टायरशीच बोलतो. पण हे किस्से सुरू झाले की मला थांबता येत नाही. पोरं हसतात, मीही हसतो. मग शटर ओढून घरी निघालो की डोकं तापतं. हसू दुकानातच राहतं आणि राग घरी येतो. म्हणून आज लिहून काढतोय. वाचणाऱ्याच्या घरीही थोडा जाऊ दे.

* * *

केस कशी उभी राहिली, ते आधी सांगतो.

माझा मोठा भाऊ विलासदादा कोळसा साइडिंगवर ताडपत्री बांधायचा. साइडिंग म्हणजे कोळशाचे ढीग जिथे पडतात आणि ट्रकमध्ये भरून पुढे जातात ती जागा. ट्रक भरला की ठेकेदार शिट्टी मारतो, दोन माणसं वर चढतात आणि कोळशावर उभं राहून ताडपत्री ताणून दोर आवळतात. मे महिन्यात पायाखालचा कोळसा तव्यासारखा तापतो. वर ऊन, खाली कोळसा, हातात काळी ताडपत्री. मधे माणूस. हा कोळसा एका सिमेंट कारखान्यात जातो. कारखान्याची मालक कंपनी युरोपातली.

गेल्याच्या गेल्या वर्षी मे महिन्यात दादा दुपारी ट्रकवरून उतरला आणि ट्रकच्या सावलीत बसला. जोडीदाराला म्हणाला, "पानी दे बे, डोकं गरगरून राह्यलं." जोडीदार पाणी घेऊन आला तेव्हा दादा आडवा झाला होता. अंगाला हात लावला तर चटका बसत होता, असं तो अजून सांगतो.

दवाखान्यात डॉक्टरांनी कारण लिहिलं: हृदयविकाराचा झटका. दादाला तीस पूर्ण व्हायची होती. ट्रकवर शिडीशिवाय चढायचा.

आमच्यासोबत गणपतकाका होते. ते आमच्या गावचे कास्तकार, खाणीला लागून त्यांचं कपाशीचं आणि तुरीचं वावर आहे. आवाज असा की शेजारच्या गावाला लाउडस्पीकर लागत नाही. त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "सायेब, ऊन लागून मेला म्हनून काहून नाही लिवलं?"

डॉक्टर तरुण होते, वाईट नव्हते. हळूच म्हणाले, "काका, उष्माघात लिहिला की चौकशी लागते, वरून फोन येतात. आणि शेवटी हृदयच बंद पडलं ना?"

काका म्हणाले, "मेल्यावर सगळ्याइचंच बंद पडते! बंद कोनं केलं, ते लिवा!"

डॉक्टरांनी लिहिलेलं बदललं नाही. पुढे आमच्या वकील मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्यांनी वही पुढे ओढली. म्हणाल्या, "आपली पूर्ण केस एवढीच आहे. मी तीच आता शंभर पानांत लिहिणार."

* * *

मॅडम म्हणजे रेवती मॅडम, नागपूरच्या. दादाची बातमी त्यांनी कुठेतरी वाचली आणि गावात सभा घेतली. सभा आमच्या बुद्धविहारात होती. काकांच्या आळीतली माणसं विहारात पहिल्यांदाच आली होती. ती भिंतीला टेकून उभी राहिली, बसेनात. "आमी इथंच बरे हाओत," म्हणाली. पण विहारात पंखा एकच, आणि तो मधोमध. घाम मानेवरून पाठीत उतरायला लागला तसा एकेक माणूस सरकत सरकत मधे आला. शेवटी सगळं गाव एका सतरंजीवर! माझी माय माझ्या कानात बोलली, "जे आजवर कोनाच्या भाषनानं नाही जमलं, ते पंख्यानं केलं."

मॅडमनी समजावून सांगितलं. जगाचं जे मोठं कोर्ट आहे, त्यानं आता मत दिलं आहे की हवामान बिघडू न देणं ही देशांची जबाबदारी आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही म्हटलं आहे की बिघडलेल्या हवामानापासून वाचण्याचा माणसाला हक्क आहे. जगण्याच्या हक्कातच तो येतो. आणि कंपनी ज्या देशातली, तिथल्या कायद्यानं आपण तिच्या हेड ऑफिसवर तिथेच दावा लावू शकतो. तिचा धूर जगाचं ऊन वाढवतो आणि तिचाच कोळसा वाहताना माणूस त्या उन्हात मरतो. दोन्ही बाजूंनी जबाबदार तीच.

गणपतकाका उठले. "मॅडम, ऊन आमचं, कोर्ट त्यांचं. तिकडच्या जजले आमचं ऊन कसं समजन? त्याच्यापेक्षा आपल्याच तालुक्याच्या कोर्टात टाका ना."

मॅडम म्हणाल्या, "टाकू शकतो. तुमचा काही अनुभव आहे का काका, तिथला?"

काका खरंच विचारात पडले. खाणीत गेलेल्या त्यांच्या वावराच्या तुकड्याची केस तिथे चालू आहे. ती दाखल केली तेव्हा त्यांच्या मुलाचं लग्न व्हायचं होतं.

"अनुभव हाय ना," ते म्हणाले. "माहा नातू आता वकिली शिकून राह्यला. तो पास झाला का माही केस तोच चालवनार." मग खाली बसता बसता म्हणाले, "टाका बाप्पा, तिकडंच टाका!"

दावा लावणारे चौघं ठरले. त्यात माय आणि गणपतकाका. मायला मॅडमनी विचारलं, "तुम्हाला काय मागायचं आहे?" मायनं दोनच गोष्टी सांगितल्या. विलास उन्हानं मेला, हे कोणीतरी कबूल करावं. आणि मे महिन्यात दुपारी ट्रकवर माणूस चढवू नये. "माहा गेला," ती म्हणाली. "पन दुसऱ्याइचे अजून चढूनच राह्यले."

आजही चढतात. हे लिहितो आहे तेव्हाही, बाहेर ऊन बघून सांगतो, कोणीतरी वर उभा आहे.

* * *

पोरांच्या आवडीचा काचवाला किस्सा अगदी लहान आहे.

परदेशात केस लागली, असं कळल्यावर इकडच्या एका ऑफिसातून एक साहेब चौकशीला आले. उन्हात काम करणाऱ्या मजुरांची स्थिती पाहायची होती म्हणे. पांढरी गाडी साइडिंगच्या फाटकाशी थांबली. इंजिन चालू, एसी चालू. आम्ही दहा-पंधरा जण उन्हात उभे. साहेब काही उतरेनात. थोड्या वेळानं मागची काच चार बोटं खाली आली आणि आतून आवाज आला, "हं, काय तक्रार आहे तुमची?"

माय पुढे गेली. काचेच्या फटीत तोंड नेऊन अगदी अदबीनं बोलली, "काच पुरी खाली करा ना सायेब. तक्रार आपोआप आत येईन!"

काच वर गेली. गाडीही गेली. चौकशीचा निष्कर्ष नंतर पेपरात वाचला: परिस्थिती समाधानकारक.

कोणाची परिस्थिती? गाडीतली?

* * *

आता पाणपोई.

आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या नावानं रस्त्यावर रांजण मांडायची पद्धत आहे. मायनंही दादाच्या नावानं साइडिंगच्या रस्त्यावर लिंबाखाली दोन रांजण मांडले होते. ओलं फडकं गुंडाळलेले. ट्रकवाले थांबून पाणी पीत. ड्रायव्हर लोक हात जोडून जात.

त्याच आठवड्यात कंपनीच्या माणसांना जाग आली. लिंबाच्या शंभर पावलं पुढे चकचकीत स्टीलची पाणपोई उभी राहिली. वर कंपनीचं नाव, खाली लिहिलेलं 'शीतल जल'. उद्घाटनाला मांडव टाकला. मांडव कोणासाठी? स्टेजवरच्या पाहुण्यांसाठी! स्टेजच्या दोन बाजूंना दोन कूलर. आम्हा गावकऱ्यांना समोर उघड्यावर बसवलं आणि प्रत्येकाला कंपनीचं नाव छापलेली टोपी दिली. काळ्या रंगाची टोपी. उन्हाळ्यात. टोपी निवडणारा माणूस मला एकदा भेटायला हवा.

नारळ फुटला, हारतुरे झाले. सत्कारातच बारा वाजून गेले. मग शहरातून आलेल्या एका साहेबांनी माइक हातात घेतला. विषय होता 'उष्णतेपासून बचाव'. भरपूर पाणी प्या म्हणाले. सैल कपडे घाला म्हणाले. समोर बसलेली बाया-माणसं काळ्या टोप्या घालून घाम पुसत होती. साहेबांचा सूर लागला. टेबलावर हात आपटून ते म्हणाले, "आणि सर्वांत महत्त्वाचं, दुपारी बारा ते चार कोणीही उन्हात बसू नका!"

गणपतकाका ताडकन उठले. धोतर झटकलं. "चला रे!" असे ओरडले की कूलरही थांबले असतील. "सायेब उठा म्हनून राह्यले!"

सगळं गाव उठलं. एकही माणूस मागे राहिला नाही. साहेब माइकवर "अहो, बसा, बसा" करत राहिले. आम्ही लिंबाखाली जाऊन दादाच्या रांजणातलं पाणी प्यालो.

स्टीलच्या पाणपोईची लाइन अजून जोडलेली नाही. तिच्या सावलीत कुत्रं बसतं. पण मांडवातले फोटो मात्र, आम्ही उठायच्या आधीचे, युरोपच्या कोर्टात दाखल आहेत. खाली लिहिलं आहे: स्थानिक समुदायासोबत जनजागृती. त्या फोटोत माय दिसते. मुलाला मारणाऱ्या उन्हात बसलेली, डोक्यावर मारणाऱ्याच्याच नावाची टोपी. तो फोटो मॅडमनी दाखवला तेव्हा मी बाहेर जाऊन उभा राहिलो. आत थांबलो असतो तर त्यांचा लॅपटॉप वाचला नसता.

* * *

कंपनीचं उत्तर आलं ते जाडजूड होतं. मॅडमनी आमच्या ओसरीवर बसून त्यातलं मुख्य मुख्य मराठीत सांगितलं.

एक मुद्दा माझ्यावर होता! दावा करणाऱ्या बाईंच्या कुटुंबाचा चरितार्थ कोळशावरच चालतो, त्यांचा धाकटा मुलगा कोळशाच्या ट्रकांची पंक्चर काढतो, म्हणून त्यांना तक्रारीचा अधिकार नाही.

गावात ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. दुकानावर पोरांनी उच्छाद मांडला. "तुह्यं पंक्चर परदेशात गेलं बे!" "आता डॉलरमधे हवा भरतं का?" एका ड्रायव्हरनं तर माझ्यासोबत सेल्फी काढला.

मी हसलो. पण मला सांगा, आमच्या भागात कोळशाचे ट्रक सोडून रस्त्यावर आहे काय? दादाचा ट्रक, काकांच्या वावरावरून जाणारा ट्रक, माझ्या दुकानासमोर फुटणारा ट्रक. आधी सगळं गाव कोळशाच्या दावणीला बांधायचं आणि मग म्हणायचं, तू तर आमचाच चारा खातोस!

दुसरा मुद्दा मोठा होता. मॅडम म्हणाल्या, अशा प्रत्येक केसमध्ये प्रत्येक कंपनी हेच म्हणते. जगात लाखो धुराडी आहेत, त्यात आमचा वाटा अगदी किरकोळ. आम्ही बंद केलं तरी ऊन काही कमी होणार नाही. मग नेमकं आम्हालाच का धरता?

मुद्दा आम्हाला खरा वाटला, हीच पंचाईत. मी मनात म्हटलं, संपली केस.

काका सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबवून त्यांनी विचारलं, "मॅडम, तुमी कधी वावर राखलं हाय का?"

"नाही काका."

"एका रातीत शंभर ढोरं वावरात शिरले. सकाळी पाह्यलं तं पराटीचं एक झाड उभं नाही. आता एकेका ढोराले विचारा. हरेक म्हनन, मी तं चार झाडं खाल्ली, तेवढ्यानं काय होते? मंग मी काय करू? कोनालेच नको धरू?" त्यांनी सुपारी तोंडात टाकली. "जे हाती लागलं ते पयले कोंडवाड्यात घालतो मी. बाकीच्याइचे मालक मंग आपोआप बांधून ठेवतात."

मॅडमनी ते तसंच्या तसं लिहून घेतलं. ढोरांसकट.

* * *

मग आला तज्ज्ञ.

कोर्टाला शास्त्रीय अहवाल द्यायचा होता. साइडिंगवर ऊन किती, कोळशावर उभ्या माणसाच्या अंगाला किती ताप बसतो, असं सगळं. मॅडमच्या ओळखीनं युरोपातल्या एका संस्थेचा शास्त्रज्ञ यायला तयार झाला. तरुण माणूस, साधा, हसतमुख. आमच्याकडे तो राहिला, भाकरीबरोबर ठेचा खाऊन रडलाही. पण तो आला कधी? जानेवारीत!

सकाळी धुकं. तो स्वेटर घालून, मशीनं घेऊन साइडिंगवर गेला. मजूर शेकोटीभोवती बसले होते. त्यालाही थंडी वाजत होती, तोही बसला. गणपतकाकांनी कपाळावर हात मारला. "पाहा बाप्पा! उन्हाचा तपास करायले आला न् शेकोटी तापून राह्यला!"

त्याला मराठी कळलं नाही, पण हसण्यातलं कळलं. ओशाळला. मॅडमच्या मार्फत त्यानं सांगितलं की तो मशीनं इथेच लावून जाणार आहे. ती उन्हाळाभर मोजतील आणि तो तिकडे बसून आकडे पाहील.

मायनं विचारलं, "पन मे महिन्यात तूच काहून नाही आला, बाबू?"

तो घुटमळला. मग प्रामाणिकपणे म्हणाला की त्याला यायचं होतं, पण त्यांच्या संस्थेचा सुरक्षेचा नियम आहे. इतक्या तापमानात बाहेरच्या कामावर माणूस पाठवता येत नाही. जिवाला धोका असतो.

मॅडमनी मान खाली घातली. त्या पोराचा दोष नव्हता, पण मला त्या क्षणी त्याचा स्वेटर बघवेना. त्याच्या जिवाला नियम आहे. माझ्या भावाच्या जिवाला काय होतं? तर ठेकेदाराची शिट्टी.

माय मात्र शांत होती. कुंच्यानं ओसरी झाडता झाडता म्हणाली, "मंग त्यायचा तोच नियम कोर्टाले दाखवा ना, मॅडम. आमी दुसरं काय मांगून राह्यलो?"

मॅडमनी झटकन वर पाहिलं. त्या पोरानंही. दुसऱ्याच दिवशी त्यानं संस्थेकडून तो नियम मागवून घेतला. तो आता आमच्या केसमध्ये लागला आहे. मॅडम सांगतात, आमच्या सगळ्या पुराव्यांपैकी कंपनीनं सर्वांत जोरात हरकत घेतली ती त्यावरच. अप्रस्तुत आहे म्हणे.

* * *

शेवटचा किस्सा मी दुकानात कधी सांगत नाही.

तिकडच्या कोर्टाला आधी एवढंच ठरवायचं होतं, की आमची केस ऐकायला घ्यायची की दारातूनच परत पाठवायची. तो निर्णय मी हे लिहीपर्यंत आलेला नाही. पण ठरवण्याआधी न्यायाधीशांनी म्हटलं, दावा करणाऱ्यांपैकी एकाला आम्हाला प्रत्यक्ष ऐकायचं आहे, व्हिडिओवरून चालेल. मायचं नाव निघालं.

यवतमाळच्या बाहेर, लोहाऱ्याला, औद्योगिक वसाहतीतल्या एका कॉम्प्युटर क्लासची खोली मॅडमनी मिळवली. तिथलं नेट चांगलं होतं. आम्ही वणीहून एसटीनं गेलो. माय, काका आणि मी. मॅडम नागपूरहून थेट तिथे आल्या होत्या. तिकडची सकाळ म्हणजे आपली दुपार. मे महिना होता. एसटीच्या खिडकीची दांडी धरवत नव्हती. मॅडमनी मला सांगून ठेवलं होतं, आई अडखळल्या तर तू बोल. मी चार वाक्यं पाठ केली होती. वाटेत ती चारही विसरलो.

भिंतीवरच्या स्क्रीनवर तीन चेहरे. न्यायाधीशबाई, पिकलेल्या केसांच्या. कंपनीचा वकील, कोटातला, मागच्या खिडकीत हिरवंगार झाड आणि बारीक पाऊस. तिसरी दुभाषी, आपल्याकडचीच मुलगी, तिकडे राहणारी. ती मायला म्हणाली, "आई, तुम्ही फक्त खरं सांगाल, असं वचन द्यायचं आहे."

माय बोलली, "खोटंच बोलाचं असतं तं गावातच बोलली असती. इतक्या उन्हाची यवतमाळले कायले आली असती?"

दुभाषीला हसू आलं. तिनं काय सांगितलं कोण जाणे, न्यायाधीशबाईही हसल्या.

मग कंपनीच्या वकिलानं सुरुवात केली. आवाज अगदी मऊ. आधी दुःख व्यक्त केलं. मग एकेक प्रश्न.

"तुमच्या जिल्ह्यात उन्हाळा पूर्वीपासूनच कडक असतो, हे खरं आहे का?"

"हो. खरं हाय."

"तुम्ही स्वतः उन्हात काम केलं आहे?"

"जलमभर केलं."

"तुमच्या आईवडिलांनीही?"

"त्यायनंही केलं."

"म्हणजे तुमच्या कुटुंबाला उन्हाची सवय आहे. तुमच्या मुलालाही ती होती. बरोबर?"

मला सापळा दिसला. हो म्हटलं तर तो म्हणणार, मग उन्हानं कसा मेला? नाही म्हटलं तर माय खोटी. मॅडमचं पेन थांबलं. काकांनी माझा गुडघा दाबला. त्या मऊ आवाजाच्या नरड्यापर्यंत माझा हात पोचला असता तर बरं झालं असतं, एवढंच डोक्यात होतं.

माय स्क्रीनकडे पाहत होती.

"होती ना," ती म्हणाली. "लहानपनापासून सवय होती त्याले. सवयीचं ऊन त्यानं दरसाल काढलं, सायेब. कधी आडवा नाही झाला. ज्या उन्हानं त्याले पाडलं, ते सवयीचं नव्हतं. ते नवं हाय. ते कोनं आनलं, तेच तं तुमाले विचारायले आली मी."

दुभाषी मुलीनं ते तिकडच्या भाषेत सांगितलं, सावकाश, एकेक शब्द. न्यायाधीशबाईंनी लिहिणं थांबवलं आणि वकिलाकडे पाहिलं. वकिलानं समोरचे कागद एकदा इकडून तिकडे केले. मग खाली बघूनच दोन शब्द बोलला.

मायनं मॅडमना विचारलं, "काय म्हनते तो?"

"माझे प्रश्न संपले, म्हणतात."

माय खुर्चीतून पुढे सरकली. स्क्रीनकडे बोट केलं.

"त्याचे संपले असतीन," ती म्हणाली. "माहा एकच होता. त्याचं काय झालं, विचारा त्याले!"